राम नगरकरांचा वस्तरा



राम नगरकर यांना जाऊन तीस वर्षे होऊन गेली. १९९५ साली ती बातमी आमच्या घरी आली तेव्हा मी शाळकरी मुलगा होतो. वडील रेल्वेतली रात्रपाळी संपवून आले होते. चहाचा पेला बाजूला ठेवून वर्तमानपत्र चाळताना ते एकाएकी थांबले आणि आईला म्हणाले, ‘अगं, रामभाऊ गेले.’ आपल्या भाऊबंदांतीलच कोणी गेले असावे अशा स्वरात ते बोलले. मग घटकाभर ते गप्प बसले. नंतर त्यांना काहीतरी आठवले असावे, कारण ते एकटेच हसू लागले. मृत्यूची बातमी वाचून माणूस हसतो, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले.

धम्मप्रचार आणि हक्करक्षण यांना वाहिलेल्या या पाक्षिकात एका विनोदी कलावंताची आठवण कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. नगरकर हे बौद्ध नव्हते, आपल्या चळवळीचे पुढारीही नव्हते. तरीही मी हा लेख लिहीत आहे, त्याला गेल्या उन्हाळ्यात आमच्या मनमाडात घडलेला एक प्रसंग कारण झाला आहे. तो पुढे सांगेनच. ज्या कुटुंबांनी अलीकडे धम्मदीक्षा घेतली आहे, त्यांनी तो विशेष लक्षपूर्वक वाचावा अशी विनंती आहे. आणि ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी १९५६ साली दीक्षा घेतली, त्यांनी तर त्याहूनही अधिक.

प्रथम नगरकरांविषयी. जातीने ते न्हावी. त्यांची जडणघडण राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात झाली. निळू फुले हे त्यांचे सहकारी आणि जिवलग मित्र. वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य ज्यांच्यामुळे महाराष्ट्रभर गाजले, त्या दादा कोंडके यांच्या संचात ते होते. पुढे त्यांनी ‘रामनगरी’ या नावाने आपले आत्मकथन लिहिले आणि त्याच नावाचा एकपात्री प्रयोग ते गावोगाव करू लागले. १९८२ साली त्यावर हिंदी चित्रपट निघाला. कांतिलाल राठोड यांनी तो दिग्दर्शित केला आणि अमोल पालेकर यांनी नायकाची भूमिका केली. आजची आपली मुले मोबाईलवर ‘स्टँडअप कॉमेडी’ पाहतात व ती काही नवीच विलायती चीज आहे असे समजतात. न्हाव्याच्या घरातला एक माणूस मराठी मुलखात एकटा उभा राहून आपलीच कहाणी सांगत होता आणि सभागृहे खदखदून हसवीत होता, ही गोष्ट त्यांना कोणी सांगितलेली नसते.

माझ्या वडिलांनी हा प्रयोग नाशकात पाहिला आणि ते रात्रीच्या गाडीने मनमाडला परतले. घरी येताच त्यांनी आजोबांना झोपेतून उठवून त्यातल्या गमती सांगितल्या. आजोबा रेल्वेत गँगमन होते. रूळ आणि खडी यांत त्यांचे आयुष्य गेले होते. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले, एकदोनदा हसलेही. मग म्हणाले, ‘समदं खरं, पर त्याच्या आजानं माझ्या आजाच्या डोक्याला हात लावला नसता.’

हे वाक्य आमच्या घरात पुढे म्हणीसारखे राहिले. वडिलांना राम नगरकर फार आवडत. परंतु ‘रामनगरी’चे पुस्तक हाती घेतले की आजोबांचे हे बोलणे त्यांना आठवे. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या व वडिलांनी त्यांतली एकही सोडली नाही.

गावगाड्यात न्हावीही बलुतेदार आणि महारही बलुतेदार. दोघेही पाटलाच्या खळ्यावर पसा पसरून उभे राहणारे. असे असूनही न्हाव्याचा वस्तरा म्हशी भादरी, पण आपल्या माणसाच्या डोक्याला लागला तर तो विटाळे. आपली माणसे एकमेकांची हजामत आपसांत करीत. कोणाकडे जुना वस्तरा असला तर तो साऱ्या वस्तीत फिरे. हे केवळ जुन्या काळात होते असे नाही. पुढे गावोगाव सलूनच्या खुर्च्या आल्या, भिंतीवर आरसे आले, तरी कित्येक ठिकाणी ‘आज बंद आहे’ हे उत्तर फक्त आपल्याच माणसांना मिळत राहिले.

या प्रश्नाचा संबंध आपल्या राज्यघटनेशी किती निकटचा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. घटनेच्या अनुच्छेद १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे यांत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही असे म्हटले आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी या कलमाच्या मसुद्यावर घटना समितीत चर्चा चालू असताना धोब्याचे दुकान आणि केशकर्तनालय यांचे काय, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी उत्तर दिले की ‘दुकान’ हा शब्द येथे अत्यंत व्यापक अर्थाने योजला आहे. जो जो आपली सेवा लोकांना देऊ करतो त्या त्या प्रत्येकाची जागा त्यात येते. आणि त्यात डॉक्टरची खोली व वकिलाची कचेरीही येते. मी वकील आहे, त्यामुळे ही शेवटची गोष्ट मला बोचरी वाटते व आवडतेही. न्हाव्याची खुर्ची आणि माझी खुर्ची बाबासाहेबांनी एकाच शब्दात बसविली. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानेही अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे हा गुन्हा ठरविला.

न्हाव्याच्या नकाराची दुसरीही एक बाजू इतिहासात आहे, तीही येथे नोंदविली पाहिजे. १८९० च्या सुमारास सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. ज्या हाताने आमचे डोके नाकारले, त्याच हाताने एका दुर्दैवी स्त्रीचे डोके भादरण्याचेही नाकारले. पहिल्या नकारात धर्माचा हुकूम पाळला होता, दुसऱ्यात तो मोडला. राम नगरकर हे मला या दुसऱ्या नकाराचे वारस वाटतात.

आता तो प्रसंग.

मनमाडात एका मंगल कार्यालयात आपल्या समाजातील एका मुलाचा विवाह होता. वधू नाभिक घरातील. तिच्या वडिलांचे येवल्याकडे लहानसे सलून आहे. तीन वर्षांपूर्वी पतिपत्नी व मुले अशा साऱ्या घराने दीक्षा घेतली. मंगल परिणय विधिपूर्वक झाला, त्रिसरण-पंचशील झाले. त्यानंतर सूत्रसंचालक महाशयांनी ध्वनिक्षेपक हाती घेतला. हे गृहस्थ आपल्याच समाजातील, बोलण्यात चतुर, सभा जिंकणारे. प्रथम ते म्हणाले, ‘नवरदेवाचा कटिंगचा खर्च आता जन्मभराचा वाचला.’ सगळे हसले. वधूचे वडीलही हसले. मग म्हणाले, ‘पण जावईबापू, जपून राहा; सासरा बिनपाण्याने करील.’ पुन्हा हशा. सभा रंगात आलेली पाहून ते आणखी पुढे गेले आणि म्हणाले, ‘दीक्षा घेतली खरी, पण धोकटी काही सुटली नाही!’

या तिसऱ्या वाक्यावर सर्वांत मोठा हशा झाला. वधूचे वडील खाली मान घालून पत्रावळीकडे पाहत राहिले. थोड्या वेळाने ते उठून बाहेर गेले, ते मुलीची पाठवणी होईपर्यंत मंडपाबाहेरच उभे होते. हे सारे मी पाहिले, कारण मी पुढच्या रांगेत बसलो होतो. आणि वाचकहो, त्या तिसऱ्या वाक्याला मीही हसलो होतो.

आठ दिवसांनी ते गृहस्थ माझ्या कचेरीत आले. ‘जयभीम, वकीलसाहेब’ म्हणून बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, ‘साहेब, ह्याला अ‍ॅट्रॉसिटी लागते का?’

वकिलाने कायदा सांगायचा असतो, तो मी सांगितला. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती यांच्या संरक्षणासाठी आहे. नाभिक समाज महाराष्ट्रात इतर मागासवर्गात मोडतो, म्हणून त्या कायद्याचा आधार त्यांना मिळत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५२ मध्ये हेतुपुरस्सर अपमानाचा गुन्हा आहे. परंतु त्यासाठी शांतताभंग घडविण्याचा हेतू वा तशी जाणीव सिद्ध व्हावी लागते. लग्नातील थट्टेत ती सिद्ध करणे कठीण. मी हे सारे सांगितले आणि त्यांनी मान हलवली. ते म्हणाले, ‘म्हणजे हेच वाक्य कुणी तुम्हाला बोललं तर गुन्हा, आणि तुम्ही मला बोललात तर गंमत.’

मला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही.

‘धर्म बदलला, पण अमुक सुटले नाही’ हे वाक्य आपल्याला परके आहे काय? १९५६ नंतर आपल्या वाडवडिलांना गावातल्या प्रत्येक ओट्यावरून हेच ऐकावे लागले. कार्यालयात ‘नवबौद्ध’ हा शब्द ज्या स्वरात उच्चारला जातो, त्यात हेच असते. बौद्ध झाले म्हणून अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती काढून घेण्यात आल्या, त्या परत मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. त्या चौतीस वर्षांत आपल्याला दोन्हीकडून हसणारे लोक भेटले. ज्या वाक्याने आपल्याला इतके दिवस जाळले, तेच वाक्य एका नवदीक्षिताच्या मुलीच्या लग्नात आपण मोठ्याने उच्चारले आणि त्यावर टाळी घेतली.

हे मनमाडात घडावे, हे मला फार लागले. १९३८ च्या फेब्रुवारीत याच गावात जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. त्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. हे वाक्य आपण भिंतींवर लिहितो. परंतु त्यापुढचे त्यांचे विवेचन आपण क्वचित सांगतो. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जातीची सत्ता असे मला म्हणायचे नाही, असे त्यांनी तेथेच स्पष्ट केले होते. स्वातंत्र्य, समता व बंधुता यांचा अभाव या अर्थाने त्यांनी तो शब्द वापरला, आणि ती वृत्ती सर्व वर्गांत पसरलेली आहे, असेही बजावले. मनमाडच्या ज्या लोकांनी हे भाषण ऐकले, त्यांची नातवंडे त्या मंडपात बसून हसत होती. त्यांतला एक मी.

या प्रसंगाची चर्चा विहारात झाली तेव्हा दोन मते पडली. काही तरुण म्हणाले, विनोदाला इतके मनावर घ्यायचे नाही. राम नगरकर नाही का स्वतःच्या न्हावीपणावर हसवीत असत? एक वयोवृद्ध उपासक म्हणाले, बौद्ध मंगल कार्यात थट्टामस्करी हवीच कशाला? त्यांनी तिपिटकाचा आधार दिला. संयुत्तनिकायात तालपुट नावाच्या नटांच्या नायकाची कथा आहे. रंगमंचावर लोकांना हसविणारा नट मरणानंतर हसऱ्या देवांच्या सहवासात जातो, असे आमचे आचार्य सांगतात. भगवान यावर काय म्हणतात, असे त्याने विचारले. ‘हे विचारू नकोस’ असे भगवंतांनी दोनदा सांगितले. तिसऱ्यांदा विचारल्यावर ते म्हणाले की असा नट दुर्गतीला जातो.

मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. तालपुटाच्या कथेत भगवंतांनी कारणही सांगितले आहे. लोक आधीच राग, द्वेष व मोह यांनी बांधलेले असतात. नट त्यांच्यापुढे ते अधिकच चेतविणाऱ्या गोष्टी मांडतो, हा त्याचा दोष. म्हणजे आक्षेप हसण्याच्या फळावर आहे. आपले हसू कोणता विकार पेटवते, हा प्रश्न तालपुटाने त्या दिवशी प्रथमच स्वतःला विचारला असावा. तो रडला, म्हणतात. आपल्याला इतकी वर्षे फसविले गेले म्हणून रडला. पुढे तो भिक्षू झाला व थेरगाथेत त्याच्या दीर्घ गाथा आहेत.

तरुणांना उत्तर नगरकरच देतात. ते वस्तरा काढीत तो स्वतःच्या मानेवर. न्हाव्याच्या पोराने गाणे-नाटक करावे, चारचौघांत मिसळावे आणि तरीही लोकांनी त्याच्या हाती धोकटीच पाहावी, याची जी कुचंबणा होते ती त्यांची स्वतःची होती. ती सांगण्याचा अधिकार त्यांनी भोगून मिळविला होता. सभागृहातला माणूस हसे आणि हसता हसता त्याच्या लक्षात येई की, ज्या लोकांनी या माणसाला धोकटीत कोंडले त्यांत आपणही आहोत. वडिलांच्या हसण्यात मला नेहमी हा शेवटचा अर्धा क्षण दिसे. हसू तोंडावर असे आणि डोळे दुसरीकडे गेलेले असत. आमच्या सूत्रसंचालकांनी तोच वस्तरा उचलला, फक्त मान दुसऱ्याची धरली. शब्द सारखे असले तरी कृत्य सारखे होत नाही, हे फौजदारी कायद्याचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल.

नगरकरांचे सारेच मला पटते असे नाही. त्या काळच्या लोकनाट्यांत स्त्रियांवरचा जो द्व्यर्थी विनोद चाले, तो मला आजही रुचत नाही आणि त्याच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांशी माझे जमत नाही. असो.

हसविण्याची आपली स्वतःचीही एक परंपरा आहे आणि ती नाशिक जिल्ह्याचीच आहे. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक व त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. कर्डकांच्या एका जलशाचे मोल बाबासाहेब आपल्या दहा सभांइतके मानीत, अशी आठवण आपल्या घराघरांत सांगितली जाते. जलशाने तमाशाचे रूप घेतले, पण त्याचा आत्मा बदलला. गणपतीचे स्तवन गेले, सोंगाड्या राहिला. मात्र आता हा सोंगाड्या भोळेपणाचे सोंग घेऊन भटजीला, सावकाराला प्रश्न विचारू लागला आणि मेलेली ढोरे ओढण्यात, दारूत, नवससायासात गुंतलेल्या आपल्याच माणसांनाही. त्याने आपल्याहून खालच्या मानलेल्या जातीची टर उडवली असती तर गावोगावच्या वस्त्यांनी कंदील धरून रात्ररात्र तो ऐकला असता, असे मला वाटत नाही. आज आपल्या जयंतीच्या व लग्नाच्या ध्वनिक्षेपकावर जे विनोद होतात, त्यांत बायकोवर किती, मांग-न्हावी-वडारांवर किती, आणि सत्तेवर किती, हे प्रत्येकाने एकदा मोजून पाहावे. मी मोजू लागलो आहे.

अलीकडच्या काळात अनेक जातींची माणसे धम्माकडे येत आहेत. २००७ च्या मे महिन्यात मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर लक्ष्मण माने यांच्या पुढाकाराने भटक्या-विमुक्तांनी दीक्षा घेतली. इतर मागासवर्गीय कुटुंबेही लहान लहान संख्येने येत आहेत. ही माणसे आपले गाव, भावकी, देव्हारा सोडून येतात. त्यांना आपल्या घरात शिरताना उंबऱ्यावर कोणते वाक्य ऐकू येते, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

मी त्या गृहस्थांना भेटायला गेलो तेव्हा हेच बोलायचे ठरवून गेलो होतो. प्रत्यक्षात बोललो दुसरेच. मी त्यांना उपालीची कथा सांगितली. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी ती मुद्दाम घातली आहे. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद, देवदत्त आदी शाक्य कुमार प्रव्रज्या घेण्यास निघाले, तेव्हा त्यांचा न्हावी उपाली बरोबर होता. त्यांनी अंगावरचे दागिने उतरवून त्याला दिले व परत जाण्यास सांगितले. उपालीने दागिन्यांचे गाठोडे झाडाला टांगले आणि तो त्यांच्या मागोमाग आला. तेव्हा त्या कुमारांनी भगवंतांना विनविले की आम्हा शाक्यांना फार अभिमान आहे. याला आमच्या आधी प्रव्रज्या द्यावी, म्हणजे आम्हाला याला वंदन करावे लागेल. तसेच झाले. पुढे हाच उपाली विनयधरांत अग्र ठरला आणि राजगृहाच्या पहिल्या संगीतीत महाकस्सपाने विनयाविषयीचे सारे प्रश्न त्यालाच विचारले.

‘म्हणजे संघाचा वकील न्हावी होता तर,’ ते म्हणाले.

‘वकील नाही, काका,’ मी म्हणालो, ‘न्यायाधीश.’

यावर ते प्रथमच मोकळेपणी हसले. मग त्या वाक्याला मी मंडपात हसलो होतो, हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, ‘पाहिलं होतं मी.’ एवढेच. त्यांनी मला खुर्चीवर बसविले, गळ्याभोवती कापड बांधले, वस्तऱ्यात नवे पाते घातले आणि माझी दाढी केली. पैसे घेतले, मी दिलेल्या नोटेतले उरलेले मोजून परत केले.

निघताना वडिलांची ‘रामनगरी’ची प्रत मी त्यांच्याकडे ठेवून आलो. मधल्या महिन्यात सूत्रसंचालक महाशयही तेथे जाऊन आले असे कळते. त्यांच्यात काय बोलणे झाले ते मी विचारलेले नाही. पुस्तक अद्याप परत आलेले नाही. त्यांचा जावई सांगत होता की दुपारी गिऱ्हाईक नसले म्हणजे सासरे ते उघडून बसतात आणि एकटेच हसतात.